सांगणारे, घडविणारे आणि मधला दुवा : हैदराबादच्या मतदान यंत्राचा एक अभ्यास

कोणतीही नवी वस्तू किंवा नवी व्यवस्था निर्माण व्हावयाची असली म्हणजे तिच्या भोवती दोन पक्ष उभे राहतात. एक सांगणारा व दुसरा घडविणारा. सांगणाऱ्याच्या हाती अधिकार असतो, पैसा असतो आणि उद्दिष्ट असते. घडविणाऱ्याच्या हाती कसब असते. पहिल्याला वाटते, आपण इतके स्पष्ट सांगूनही ही मंडळी वेळ का लावतात? दुसऱ्याला वाटते, आपल्याला नेमके काय हवे आहे हेच वरिष्ठांना ठाऊक नाही. पाणीपुरवठ्याची योजना असो, शाळेच्या पटनोंदणीचा नवा नमुना असो की संगणकावरील एखादी कार्यप्रणाली असो, ही तक्रार सर्वत्र सारखीच ऐकू येते.

खेड्यात घर बांधताना याचा अनुभव प्रत्येकाला येतो. घरधनी म्हणतो, "घर हवेशीर हवे." गवंडी विचारतो, "खिडक्या किती आणि कोणत्या बाजूला?" घरधन्याने हवा मागितली होती, गवंड्याला खिडकीचे माप हवे होते. हवेचे खिडकीच्या मापात रूपांतर करणारा एखादा जाणता माणूस दोघांमध्ये असला तर घर नीट उभे राहते. तो नसला तर पावसाळ्यात पश्चिमेच्या खिडकीतून पाणी आत येते आणि दोघेही एकमेकांना दोष देतात.

हैदराबादच्या माधापूर भागात १९९८ पासून उभ्या राहिलेल्या संगणक उद्योगाच्या वसाहतीत या जाणत्या माणसाला स्वतंत्र पदनाम आहे. त्याला 'प्रॉडक्ट मॅनेजर' म्हणतात. हा गृहस्थ बहुधा स्वतः आज्ञावली लिहीत नाही आणि तिजोरीच्या किल्ल्याही त्याच्याकडे नसतात. ग्राहकाला काय हवे आहे, संचालकांनी काय कबूल केले आहे आणि अभियंत्यांकडून किती दिवसांत काय होण्यासारखे आहे, या तिन्हींचा मेळ घालणे हे त्याचे काम. संचालकांनी तीन महिन्यांचा वायदा केला आणि अभियंते सहा महिने मागू लागले, तर "साडेचार महिन्यांवर तडजोड करा" असे सांगणारा प्रॉडक्ट मॅनेजर कामाचा नव्हे. तीन महिन्यांत वस्तूचा कोणता भाग उपयोगी स्वरूपात हाती देता येईल आणि कोणता मागाहून द्यावा लागेल, हे तो दोघांसमोर मांडतो. पदनाम नवे असले तरी काम जुने आहे. ते कसे चालते आणि चुकले म्हणजे काय होते, याचे एक उत्तम उदाहरण त्याच हैदराबाद शहरात, या वसाहतीच्या कितीतरी आधी घडून गेले आहे. आपल्या वाचकांपैकी असंख्य शिक्षकांनी, तलाठ्यांनी आणि ग्रामसेवकांनी ती वस्तू स्वतःच्या हाताने उचलून मतदान केंद्रावर नेलेली आहे. ती म्हणजे इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्र.

तुर्भे ते हैदराबाद

इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया लिमिटेड, म्हणजे ईसीआयएल, ही कंपनी अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत १९६७ साली हैदराबाद येथे स्थापन झाली. तिची पाळेमुळे मात्र मुंबईजवळच्या तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्रात आहेत. तेथील इलेक्ट्रॉनिक्स विभागाची धुरा वाहणारे डॉ. ए. एस. राव हेच या कंपनीचे संस्थापक. हैदराबादेतील एका मोठ्या वस्तीला आज त्यांचे नाव आहे. तुर्भे येथे आखलेला 'टीडीसी-१२' हा संगणक १९६९ मध्ये याच कंपनीने तयार केला. अशा कारखान्याकडे १९७७ साली निवडणूक आयोगाने एक मागणी नेली. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त श्री. शकधर यांना मतपत्रिका आणि मतपेटी यांच्याऐवजी यंत्राने मतदान घेता येईल काय, हे पाहावयाचे होते.

१९७९ मध्ये यंत्राचा पहिला नमुना तयार झाला. ६ ऑगस्ट १९८० रोजी आयोगाने राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींसमोर त्याचे प्रात्यक्षिक केले. पुढे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या दुसऱ्या सार्वजनिक कंपनीलाही या कामात सहभागी करून घेण्यात आले. आणि लोकसभेच्या सर्वच्या सर्व ५४३ मतदारसंघांत या यंत्राने मतदान झाले ते २००४ साली. म्हणजे मागणीपासून प्रात्यक्षिकापर्यंत सुमारे तीन वर्षे लागली आणि प्रात्यक्षिकापासून देशव्यापी वापरापर्यंत चोवीस! अभियंते सुस्त होते म्हणून हा विलंब झाला नाही. यंत्र तयार होणे आणि त्या यंत्राविषयी सर्वांच्या अपेक्षा जुळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट बहुतेक वेळा अधिक काळ घेते. या चोवीस वर्षांचा अभ्यास प्रत्येक अधिकाऱ्याने करावा असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अपेक्षेचे मापात रूपांतर

प्रथम आयोगाच्या अपेक्षा पाहू. मतदान गुप्त राहावे, मतमोजणी लवकर व्हावी, मते बाद होऊ नयेत, निरक्षर मतदारालाही अडचण पडू नये, विजेचा दिवा न पोहोचलेल्या गावातही काम चालावे आणि गुंडांनी केंद्र ताब्यात घेतले तरी नुकसान कमीत कमी व्हावे. या सर्व अपेक्षा योग्य आहेत. पण यांतील एकही वाक्य अभियंत्याच्या टेबलावर जसेच्या तसे ठेवता येत नाही. 'विजेविना चालावे' याचे मापात रूपांतर म्हणजे सहा व्होल्टची साधी अल्कलाइन बॅटरी. 'गुप्त राहावे, पण केंद्राध्यक्षाचे नियंत्रणही सुटू नये' याचे रूपांतर म्हणजे यंत्राचे दोन भाग आणि त्यांना जोडणारी पाच मीटर लांबीची केबल. नियंत्रण युनिट अधिकाऱ्याच्या टेबलावर असते आणि मतदान युनिट आडोशाच्या आत. अधिकाऱ्याने बटण दाबल्याखेरीज मतदाराला मत देता येत नाही. मत नोंदले गेले म्हणजे लांब 'बीप' असा आवाज होतो व तो उमेदवारांच्या प्रतिनिधींनाही ऐकू येतो. 'मते बाद होऊ नयेत' या अपेक्षेची पूर्तता तर रचनेतूनच झाली. मतपत्रिकेवर दोन उमेदवारांच्या मधल्या रेषेवर शिक्का उमटला म्हणजे मत वाया जात असे. यंत्रात दोन बटणांच्या मध्ये मत देण्याची सोयच नाही.

केंद्र बळकावण्याच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे. वरिष्ठांना स्वाभाविकपणे असे यंत्र हवे होते की ज्यामुळे केंद्र बळकावणे थांबेल. प्रामाणिक अभियंता असे आश्वासन देऊ शकत नाही. कारण लाठीकाठी घेऊन आत शिरणाऱ्याला कोणतेही यंत्र अडवू शकत नाही. परंतु मते किती वेगाने नोंदली जावीत हे मात्र यंत्राच्या हाती आहे. म्हणून मिनिटाला पाचपेक्षा अधिक मते नोंदली जाऊ नयेत अशी रचना करण्यात आली. मतपत्रिकांच्या गठ्ठ्यावर पटापट शिक्के मारून पेटी भरता येत असे. यंत्रावर अर्ध्या तासात दीडशेच्या पुढे जाता येत नाही, आणि तेवढ्या अवधीत पोलीस पोहोचण्याची शक्यता असते. शिवाय केंद्राध्यक्षाने 'क्लोज' हे बटण दाबले की यंत्र पुढे एकही मत स्वीकारीत नाही. 'थांबवावे' या अपेक्षेच्या जागी 'मंद करावे व बंद करता यावे' हे शक्य कोटीतील उत्तर आले, आणि ते सर्वांनी समजून उमजून स्वीकारले. मधल्या दुव्याचे खरे कौशल्य येथे दिसते. वरिष्ठांची इच्छा मोडून न काढता तिचा जो अंश साध्य आहे तो मापासह पुढे ठेवणे, आणि जो साध्य नाही तो लेखी नमूद करणे. आपल्या कार्यालयांतील कित्येक योजनांच्या कागदांत 'काय होईल' याचे वर्णन चार पाने असते. 'काय होणार नाही' याची मात्र एक ओळही नसते. पुढील सारे गैरसमज त्या न लिहिलेल्या ओळीतून निघतात.

यंत्राचा बाह्य आकार, बटणांची मांडणी, ते मिटून हाताने उचलून नेता येईल अशी पेटी, यांचाही विचार झाला. हे काम पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातील प्रा. ए. जी. राव व प्रा. रवी पूवय्या यांनी केले. अक्षर न ओळखणारी म्हातारी आजी बटण शोधणार ती चिन्हावरून, हे एकदा मान्य केले म्हणजे चिन्ह, दिवा आणि बटण एका ओळीत असावे लागतात. मुंबईतील अभिकल्पकाने खेड्यातील मतदाराच्या बोटाचा विचार केला, म्हणूनच आज कोणालाही हे यंत्र अवघड वाटत नाही.

परूरचा धडा

यंत्राचा पहिला प्रत्यक्ष वापर केरळमधील परूर विधानसभा मतदारसंघात १९ मे १९८२ रोजी, ५० मतदान केंद्रांवर झाला. यंत्रांनी आपले काम केले. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे श्री. शिवन पिल्लै हे १२३ मतांनी विजयी झाले. योगायोगाची गोष्ट अशी की, निवडणुकीपूर्वी यंत्राच्या वापरास न्यायालयात आव्हान देणारे हेच श्री. पिल्लै होते, निकालानंतर पराभूत उमेदवार श्री. ए. सी. जोस यांनी तोच आक्षेप उचलला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ५ मार्च १९८४ रोजी न्यायालयाने त्या ५० केंद्रांचे मतदान रद्द ठरवून तेथे फेरमतदानाचा आदेश दिला. फेरमतदानात निकाल फिरला व श्री. जोस निवडून आले.

न्यायालयाचा निर्णय यंत्र बिघडले या कारणावर आधारलेला नव्हता. प्रश्न अधिकाराचा होता. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात आणि त्याखालील नियमांत मतपत्रिका व मतपेटी यांनीच मतदान घेण्याची रीत सांगितलेली होती. आयोगाने यंत्रासाठी केंद्र शासनाची संमती मागितली होती, पण ती मिळाली नव्हती. तरी संविधानाच्या अनुच्छेद ३२४ खालील आपल्या व्यापक अधिकाराचा आधार घेऊन आयोगाने आदेश काढला. कायदा जेथे मुका आहे तेथे आयोगाला बोलता येईल, पण कायदा जेथे स्पष्ट बोलतो तेथे त्याच्याविरुद्ध जाता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

या प्रसंगाकडे आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? अभियंत्यांनी आयोगाची अपेक्षा पुरी केली होती. आयोगाने मतदाराची सोय पाहिली होती. परंतु आयोगाच्याही वर एक वरिष्ठ आहे, तो म्हणजे संसदेने केलेला कायदा, आणि त्या वरिष्ठाची संमती कागदावर आलेली नव्हती. कोणत्याही कामात 'वरिष्ठ' म्हणजे केवळ समोरच्या खुर्चीत बसलेला अधिकारी नव्हे. त्याला स्वतःला जेथून मंजुरी आणावी लागते ते ठिकाणही वरिष्ठच. तालुक्याच्या गावी एखादा उत्साही गटशिक्षणाधिकारी नवी नोंदवही सुरू करतो, सर्व शाळा ती भरू लागतात आणि वर्षाअखेर लेखापरीक्षक विचारतो, "ही नोंदवही कोणत्या शासन निर्णयान्वये?" परूरचाच प्रश्न, फक्त लहान आकारात.

कायद्यातील ही उणीव भरून निघावयास वेळ लागला. डिसेंबर १९८८ मध्ये संसदेने कायद्यात कलम ६१-क घातले आणि १५ मार्च १९८९ पासून ते अंमलात आले. १९८९-९० मध्ये यंत्रे तयार करून घेण्यात आली. त्या वेळी एका यंत्राची किंमत ५५०० रुपये पडली. आणि एवढे सर्व झाल्यावर ती यंत्रे गोदामात पडून राहिली!

विश्वासाचे काम

या विलंबाचे कारण असे की, आता कायदा होता, यंत्र होते, परंतु राजकीय पक्षांचा विश्वास नव्हता. निवडणूक सुधारणांसाठी १९९० मध्ये नेमलेल्या श्री. दिनेश गोस्वामी समितीने यंत्रांची तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी असे सुचविले. तदनुसार प्रा. एस. संपत यांच्या अध्यक्षतेखाली तांत्रिक तज्ज्ञ समिती नेमण्यात आली व तिने एप्रिल १९९० मध्ये एकमताने अनुकूल अभिप्राय दिला. हैदराबाद-बंगळूरच्या अभियंत्यांची भाषा पक्षनेत्यांना कळत नव्हती, आणि पक्षनेत्यांच्या शंका अभियंत्यांना तांत्रिक वाटत नव्हत्या. समितीतील प्राध्यापक मंडळींना दोन्ही भाषा येत होत्या आणि यंत्राच्या विक्रीत त्यांचा काडीचाही स्वार्थ नव्हता. मधल्या दुव्याला प्रतिष्ठा मिळते ती या दुसऱ्या गुणामुळे. तो कोणत्याही एका बाजूचा वकील झाला की त्याच्या शब्दाला वजन राहत नाही.

तरीही समितीच्या एका अहवालाने काम भागले नाही. २४ मार्च १९९२ रोजी नियमांत आवश्यक ते बदल अधिसूचित झाले. पण सर्वसाधारण सहमती होण्यास १९९८ साल उजाडले. मधल्या काळात १९९६ मध्ये तमिळनाडूतील मोडकुरिची या एका विधानसभा मतदारसंघात १०३३ उमेदवार उभे राहिले आणि मतपत्रिकेचे अक्षरशः पुस्तक छापावे लागले. नोव्हेंबर १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान व दिल्ली येथील १६ मतदारसंघांत यंत्रे वापरण्यात आली. १९९९ मध्ये गोव्याच्या विधानसभेची संपूर्ण निवडणूक यंत्रांवर झाली. सबंध राज्याने यंत्राने मतदान करण्याचा पहिला मान आपल्या या शेजाऱ्याकडे जातो. २००१ मध्ये तमिळनाडू, केरळ, पश्चिम बंगाल व पुदुच्चेरी, आणि मग २००४.

थोडे थोडे वाढवीत नेण्याची ही रीत मंद वाटते, पण तिच्यामुळे प्रत्येक टप्प्यावर वरिष्ठांना दाखविण्यासारखे काही तरी हाती येत होते आणि बिघाड झाला तरी तो मर्यादित क्षेत्रातच झाला असता. संगणक उद्योगातील प्रॉडक्ट मॅनेजरही आज हेच करतो. सर्व ग्राहकांना एकदम नवी वस्तू न देता तो आधी थोड्यांना देतो, त्यांच्या अडचणी लिहून काढतो व मग वर्तुळ वाढवितो. वरिष्ठांना मात्र एकदम सर्वत्र हवे असते. घोषणा सर्वत्र करता येते; वस्तू सर्वत्र पोहोचविताना प्रथम सोळा ठिकाणे निवडावी लागतात, हे त्यांना पटवून देणे हा या नोकरीतील सर्वांत कठीण भाग समजला जातो.

भंडारा-गोंदियाचे ऊन

यंत्रात मत नोंदले गेले हे खरे, पण ते मी दिले त्यालाच गेले हे मला कसे दिसणार? २००९ नंतर हा प्रश्न जोराने विचारला जाऊ लागला. ४ ऑक्टोबर २०१० रोजी सर्व पक्षांच्या बैठकीत कागदी पावतीची कल्पना पुढे आली. प्रा. पी. व्ही. इंदिरेसन यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीकडे विषय सोपविण्यात आला आणि मतदाराला आपल्या मताची चिठ्ठी काचेतून सुमारे सात सेकंद पाहता येईल असे जोडयंत्र तयार झाले. त्याला आपण 'व्हीव्हीपॅट' म्हणतो.

येथे एक गोष्ट अत्यंत शहाणपणाने करण्यात आली. जुलै २०११ मधील पहिल्या चाचणीसाठी सोयीची ठिकाणे न निवडता लडाख, तिरुवनंतपुरम, चेरापुंजी, जैसलमेर व पूर्व दिल्ली अशी निवड झाली. थंडी, दमट हवा, पाऊस, रेती आणि गर्दी! या चाचणीनंतर रचनेत सुधारणा करण्यात आल्या व २०१२ मध्ये पुन्हा चाचणी झाली. १४ ऑगस्ट २०१३ रोजी नियमांत दुरुस्ती झाली आणि त्यानंतरच, ४ सप्टेंबर २०१३ रोजी, नागालँडमधील नोकसेन येथील पोटनिवडणुकीत या यंत्राचा पहिला वापर झाला. नियम आधी व वापर नंतर, हा क्रम वाचकांच्या ध्यानात आलाच असेल. परूरचा धडा विसरला गेला नव्हता. पुढे ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही टप्प्याटप्प्याने सर्वत्र ही सोय करावी असा निर्देश दिला.

इतकी काळजी घेऊनही २८ मे २०१८ रोजी आपल्या राज्यातील भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत अनेक ठिकाणी व्हीव्हीपॅट यंत्रे बंद पडली. ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. त्याच दिवशी उत्तर प्रदेशातील कैराना येथेही असाच प्रकार घडला होता. विदर्भातील मे महिन्याचे ऊन सर्वांना ठाऊक असल्याने यंत्रे उष्म्याने बंद पडली, असा पहिला निष्कर्ष सर्वांनी काढला. पुढे आयोगाने जे कारण दिले ते अधिक नेमके होते. चिठ्ठीची लांबी व छपाईची गडदता तपासणाऱ्या संवेदकांवर प्रमाणाबाहेर प्रकाश पडला, म्हणून यंत्र गोंधळले. त्यावर उपाय म्हणून संवेदकांवर झाकण बसविण्यात आले आणि दमट हवेत न बिघडणारा कागद वापरण्याचे ठरले. यंत्र खिडकीच्या थेट उजेडात किंवा दिव्याखाली ठेवू नये, ही जी सूचना केंद्राध्यक्षांना प्रशिक्षणात आवर्जून दिली जाते, तिच्यामागे हा इतिहास आहे.

लडाख आणि जैसलमेर येथे कसोटीस उतरलेली वस्तू शाळेच्या वर्गखोलीत अडखळली, याचे आश्चर्य वाटावयास नको. चाचणी घेणाऱ्याने हवामानाचा विचार केला होता. टेबल कोठे मांडले जाईल याचा विचार चाचणीत होणे कठीणच. ती माहिती फक्त एकाच माणसाजवळ असते, आणि तो म्हणजे वर्गखोलीत टेबल मांडणारा शिक्षक. म्हणून खालून वर जाणारी बातमी महत्त्वाची. 'यंत्र बंद पडले' एवढेच वर कळविले तर वरिष्ठ यंत्र बदलून देतात व नवे यंत्रही त्याच उजेडात बंद पडते. 'यंत्र पूर्वेच्या खिडकीसमोर होते, सकाळी दहाच्या सुमारास बंद पडले, आत हलविल्यावर चालू झाले' असे कळविले तर अभियंत्याला कामाचे सूत्र सापडते. क्षेत्रीय अधिकाऱ्याने दिवसअखेर जो अहवाल द्यावयाचा असतो, त्यात असे एक वाक्य लिहिण्यास दोन मिनिटे पुरतात. आपल्याकडे बिघाडाची बातमी सौम्य करून वर पाठविण्याची एक जुनी खोड आहे. तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून राजधानीला जाईपर्यंत ती इतकी सौम्य होते की, अखेर सर्व काही सुरळीत असल्याचेच वरिष्ठांना वाटते. हैदराबादच्या कंपन्यांत वरिष्ठांना अप्रिय बातमी लवकर आणि पर्यायांसह सांगणाऱ्या मनुष्याला किंमत आहे. आपल्या कार्यालयांतही ती यावी.

मतदान सुरू होण्यापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान घेतले जाते, निकाल दाखविला जातो व मग यंत्र पुन्हा कोरे केले जाते. भल्या पहाटे कंटाळवाणा वाटणारा हा विधी म्हणजे सांगणारा, घडविणारा आणि वापरणारा या तिघांमधील करारावरची सही आहे. ज्याच्या मनात शंका आहे त्याला समोर बसवून, त्याच्याच हाताने वस्तू चालवून दाखविणे, यासारखा दुसरा खुलासा नाही. तो विधी घाईने उरकणे योग्य नव्हे.

निझामाबादचे बारा संच

शेवटी नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या तेलंगणातील निझामाबादची हकीकत सांगितली पाहिजे. हळद व तांबडी ज्वारी यांना रास्त भाव मिळावा आणि हळदीसाठी स्वतंत्र मंडळ व्हावे, या मागणीकडे लक्ष वेधण्यासाठी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत तेथील शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येने उमेदवारी अर्ज भरले. माघारीची मुदत २८ मार्चला संपली तेव्हा रिंगणात १८५ उमेदवार होते. मतदान ११ एप्रिलला. हाती अवघे दोन आठवडे.

एका मतदान युनिटवर १६ नावे बसतात. जुन्या यंत्राला अशी चारच युनिटे जोडता येत, म्हणजे ६४ ची मर्यादा. या मर्यादेपलीकडे मतपत्रिका छापावी हा रूढ मार्ग होता आणि आरंभी तीच चर्चा होती. परंतु नव्या पिढीच्या, 'एम-३' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्राला २४ युनिटे जोडण्याची सोय आधीच करून ठेवलेली होती. ती सोय करताना कोणाच्या डोळ्यांसमोर निझामाबाद असण्याचे कारण नव्हते. पण मोडकुरिचीचे पुस्तक मात्र सर्वांच्या स्मरणात होते. आयोगाने यंत्राचाच निर्णय घेतला. अशा प्रसंगी वरून आलेला 'यंत्राने घ्या' हा दोन शब्दांचा आदेश खाली उतरताना किती प्रश्नांत फुटतो ते पाहावे. सतराशेहून अधिक केंद्रांवर प्रत्येकी बारा युनिटे कोठून आणावयाची? ती एका टेबलावर मावणार कशी? मतदाराला आपले चिन्ह शोधण्यास वेळ लागणार, तर रांगेचे काय? अभिरूप मतदानाला किती वेळ लागेल?

उत्तरेही तशीच साधी व मापाची होती. टेबले काटकोनात लावून बारा युनिटे त्यांवर ओळीने मांडण्यात आली. अभिरूप मतदानाला अधिक अवधी मिळावा म्हणून मतदानाची वेळ सकाळी ८ ते सायंकाळी ६ अशी ठेवली गेली. मतदारांना आधी सराव व्हावा म्हणून प्रात्यक्षिके झाली आणि यंत्रे बनविणारे अभियंते प्रत्यक्ष मतदारसंघात येऊन थांबले. निवडणूक पुढे ढकलावी अशी काही उमेदवारांची मागणी होती. त्यांच्या दृष्टीने ती गैर नव्हती, कारण चिन्ह हाती पडल्यापासून प्रचारास फारच थोडे दिवस उरले होते. यंत्राची अडचण अभियंत्यांनी सोडविली, पण उमेदवाराच्या वेळेची अडचण सोडविणे त्यांच्या हाती नव्हते.

११ एप्रिलला मतदान ठरल्याप्रमाणे पार पडले. १८५ उमेदवार आणि 'वरीलपैकी कोणीही नाही' हा एक पर्याय मिळून १८६ बटणे लागत होती. बारा युनिटांवर १९२ बसतात. म्हणून बाराव्या युनिटावरील दहा बटणे मतदारांसाठी खुली होती आणि उरलेली सहा नियमानुसार झाकलेली.